आयटम नंबर दोनमध्ये माझं नाव

“तुम्ही अजिबात तशा वाटत नाही हो!”

हे वाक्य मी एका बाईला तिच्या तोंडावर म्हटलं. हसून म्हटलं. कौतुक म्हणून म्हटलं. वय अठ्ठावन्न, गळ्यात कौन्सिलचं ओळखपत्र, आणि मागच्या भिंतीवर ‘इथे सर्वांना समान वागणूक मिळते’ असं पोस्टर. पोस्टर मीच लावलं होतं. वाकडं दिसू नये म्हणून दोनदा काढून लावलं होतं.

त्या बाईने माझ्याकडे बघितलं. पोस्टरकडे बघितलं. मग नुकताच दिलेला फॉर्म माझ्या हातातून परत घेतला.

“माझं नाव लिस्टमधून काढा,” म्हणाली आणि गेली.

मी काय केलं? चहा केला. आणि मनात म्हटलं, काय तुसडी बाई आहे!

आता मी सत्तरीत आहे. दोन्ही गुडघे नवे बसवलेत आणि रीडिंग गावी मुलाकडे राहते. त्या अठ्ठावन्न वर्षांच्या शहाणीला आता कुणी नोकरीवरून काढू शकत नाही. म्हणून सगळं सांगून टाकते.

मी लंडनच्या एका बरोमध्ये, म्हणजे तिथल्या एका पालिकेत, कमिटी क्लार्क होते. बरोचं नाव सांगत नाही. माझं आडनावही सांगत नाही, का ते लगेच कळेल. ऑफिसात मला सगळे ‘व्हॅस’ म्हणायचे, कारण वसुधा म्हणायला त्यांना तीन दिवस लागले असते. दारावरच्या पाटीवर ‘डेमोक्रॅटिक सर्व्हिसेस ऑफिसर’ असं भारदस्त लिहिलेलं होतं. काम एवढंच की कौन्सिलच्या सभांचा अजेंडा काढायचा, सभा नियमाने चालते ना ते बघायचं आणि मिनिट्स लिहायची.

मिनिट्स म्हणजे सभेचं इतिवृत्त. लोकांना वाटतं त्यात कोण काय बोललं ते असतं. तसं नसतं. त्यात काय ठरलं तेवढंच असतं. दोन कौन्सिलर एकमेकांना गाढव म्हणाले तरी मी लिहायचे, ‘सविस्तर चर्चा झाली.’ या कामात माझा हातखंडा होता. सव्वीस वर्षं मी भांडणांच्या चर्चा केल्या.

त्या वर्षी फुल कौन्सिलपुढे, म्हणजे सगळ्या निवडून आलेल्या कौन्सिलरांच्या सभेपुढे, एक ठराव येणार होता. आणला होता कौन्सिलर डेनिसबाईंनी. त्यांचे आईवडील जमैकाहून आलेले, आणि त्यांचा आवाज असा की माइक बंद असला तरी फरक पडत नसे. ठराव चार ओळींचा. कौन्सिलच्या मालकीच्या कुठल्याही हॉलमध्ये वंश, वर्ण किंवा जात यांवरून कुणाला वेगळं बसवायचं नाही, वेगळ्या भांड्यांत वाढायचं नाही. मोडलं तर हॉल मिळणार नाही.

वंश आणि वर्ण आधीपासून नियमात होतेच. वाद होता तो ‘जात’ लिहिण्यावर. ती देशाच्या कायद्यात लिहावी की नाही यावर पार्लमेंटातसुद्धा पुष्कळ खल झालेला आहे आणि ती अजून उंबऱ्यातच उभी आहे. आता आमचं एक साधं कौन्सिल ती हॉलच्या नियमांत लिहायला निघालं होतं.

निमित्त होतं आपल्याच वृद्ध मंडळींच्या लंच क्लबचं. दर गुरुवारी कौन्सिलच्या एका हॉलमध्ये गरम जेवण. मराठी, गुजराथी, थोडे पंजाबी. सेक्रेटरी होते नाना. बँकेतून रिटायर झालेले, सदा इस्त्रीचा शर्ट, माझ्या नवऱ्याचे ब्रिजचे पार्टनर. डेनिसचं म्हणणं होतं की तिथे एक टेबल वेगळं मांडतात आणि त्या टेबलावर ठरावीक घरांतल्याच लोकांना बसवतात. नानांचं म्हणणं, असं काही नाही आणि कुणी तक्रार केलेली नाही.

पुरावा म्हणजे एकच माणूस येणार होतं. डेप्युटेशन म्हणून. आमच्याकडे कुणाही नागरिकाला फुल कौन्सिलपुढे पाच मिनिटं बोलता येतं, त्याला डेप्युटेशन म्हणतात. आधी माझ्याकडे फॉर्म भरून द्यायचा.

तो फॉर्म घेऊन आलेली बाई म्हणजे उज्ज्वला. चाळिशीची, निळा ट्यूनिक, फिजिओथेरपिस्ट असं गळ्यातल्या ओळखपत्रावर लिहिलेलं. फॉर्मवर नाव ‘उज्ज्वला रामचंद्र’. इंग्लिश क्लार्कने शिक्का मारून ट्रेमध्ये टाकला असता. माझ्या आतली मराठी बाई जागी झाली.

“अगंबाई, मराठी का तुम्ही?”

“हो.”

“मग रामचंद्र हे वडिलांचं नाव झालं. आडनाव काय?”

“आम्ही तेच लावतो.”

“बरं. गाव कुठलं?”

“इल्फर्ड.”

“तसं नाही हो. मूळ गाव?”

इथे तरी मी थांबायला हवं होतं. बस स्टॉपवर, दुकानात, डेंटिस्टकडे गोरे लोक मला हेच विचारत आले होते. हो, पण तुम्ही खऱ्या कुठल्या? दर वेळी मी तणतणत घरी यायचे आणि नवऱ्याला सगळं साभिनय ऐकवायचे. आणि आता काउंटरच्या अलीकडे बसून तेच विचारत होते, वर प्रेमाने.

उज्ज्वला इथे जन्मलेली. मराठी बोलायची ते जपून, एकेक शब्द पारखून. “मॅडम, तुम्हाला काय शोधायचं आहे ते मला माहीत आहे,” ती म्हणाली. “सांगून टाकते. आम्ही त्यांच्यातलेच. ज्यांच्यासाठी टेबल वेगळं असतं.”

मला वाटलं, बिचारीला अवघडल्यासारखं झालं. तिला मोकळं करावं. म्हणून मी ते वाक्य बोलले.

दुपारी माझी बॉस जिलियन आली. उंच, हडकुळी, कधी आवाज न चढवणारी. हातात नेहमीचा मग.

“व्हॅस, ते डेप्युटेशन का गेलं?”

“कोण जाणे. मी तर छान बोलले तिच्याशी.”

“नक्की काय बोललीस?”

मी सांगायला लागले. मराठीत त्या वाक्याला, निदान माझ्या कानाला, एक गोडवा होता. जिलियनसाठी त्याचं इंग्लिश करावं लागलं. ‘यू डोन्ट लुक लाइक वन ऑफ देम.’ माझ्याच तोंडून बाहेर पडलं आणि माझ्याच कानावर आदळलं.

जिलियनने हातातला चहाचा मग खाली ठेवला.

“हे तू जातीबद्दल बोलायला आलेल्या बाईला म्हणालीस?”

“हो.”

“काउंटरवर?”

“पोस्टरखाली.”

मला एकदम माझी पहिली नोकरी आठवली. टायपिंग पूल, एका ओळीत बारा टाइपरायटर. आमची सुपरवायझर मला म्हणाली होती, “तू बाकीच्या एशियन मुलींसारखी नाहीस, डिअर.” मी पाघळले. त्याच आठवड्यात एअरोग्राम लिहून आईला कळवलं की साहेबीणबाई माझ्यावर खूश आहेत. माझ्या शेजारच्या मशीनवर बसणाऱ्या पंजाबी मुलीने तेच वाक्य ऐकलं होतं. ती नंतर माझ्याशी जेमतेम बोलायची. मला वाटायचं, जळते. असला माझा मेंदू.

आणखी एक गोष्ट त्या दुपारी आठवली. नानांच्या आग्रहाने मी त्या लंच क्लबला दोनदा जेवून आले होते. दाराशी ते छोटं टेबल होतं. त्यावर पाच-सहा माणसं. आम्हाला स्टीलची ताटं, त्यांना कागदाच्या प्लेट्स. मी बघितलं होतं. आणि मला वाटलं होतं, म्हाताऱ्या माणसांना बाथरूम जवळ पडावं म्हणून व्यवस्था केली असेल. नाना किती विचार करतात! हे मी नानांना बोलूनही दाखवलं होतं. नाना म्हणाले होते, “करावं लागतं, वहिनी.”

“तिला परत बोलवायला हवं,” मी जिलियनला म्हटलं.

“तुला जाता येणार नाही. ऑफिसरने साक्षीदाराच्या मागे लागायचं नाही. शुक्रवारी बाराला मुदत संपते. आपण भिंत आहोत, व्हॅस. भिंतीने बोलायचं नसतं.”

“भिंत आधीच बोललीय,” मी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी लंच ब्रेकमध्ये मी तिच्या क्लिनिकमध्ये गेले. रिसेप्शनच्या मुलीने विचारलं, काय दुखतं? गुडघा, मी म्हटलं. तेव्हा दोन्ही गुडघे ठणठणीत होते. वीस मिनिटांनी उज्ज्वला बाहेर आली आणि मला बघून दारातच थांबली.

“कुठला गुडघा?”

“कुठलाच नाही. माफी मागायला आलेय.”

“कशाची?”

“कालची.”

“कालचं काय? बोला ना. तुमच्या मते काय चुकलं?”

वेटिंग रूममध्ये चार माणसं बसलेली. मराठी कुणाला येत नव्हतं, पण सूर सगळ्यांना कळत होता. शाळेत पाढा न आलेल्या मुलीसारखी मी उभी.

“आडनाव विचारलं. गाव विचारलं.”

“आणि?”

“आणि कौतुक केलं.”

“ते सगळ्यांत वाईट होतं,” ती म्हणाली.

मग तिने मला आत नेलं. एका खुर्चीवर बसवलं, खरंच पेशंट असल्यासारखं, आणि आईबद्दल सांगितलं. आई म्हणजे द्वारकाबाई. हॉस्पिटलच्या लाँड्रीत आयुष्य काढलेलं. नवरा गेल्यावर घरात एकट्या, म्हणून उज्ज्वलानेच त्यांना लंच क्लबला घातलं. पहिले दोन गुरुवार बरे गेले. तिसऱ्या गुरुवारी कुणीतरी गाव विचारलं, आडनाव विचारलं. चौथ्या गुरुवारी नाना म्हणाले, “तुमचं तिकडे मांडलंय.” तरी द्वारकाबाई जात राहिल्या. एकदा पहाटे उठून सगळ्यांसाठी धपाटे करून नेले. डबा न उघडता परत आला. सगळ्यांची पोटं भरलीत, असा निरोप. त्यानंतर त्या गेल्या नाहीत.

“आता गुरुवारी टीव्ही लावून बसते,” उज्ज्वला म्हणाली. “जेवत पण नाही नीट. मला म्हणते, मला भूकच लागत नाही. शुक्रवारी लागते. मॅडम, मला काही कायदाबियदा नाही बदलायचा. तिला गुरुवारी चार माणसांत जेवायचं आहे. बस्.”

“मग या ना बोलायला.”

“येईन. पण तुमच्या काउंटरवर जे झालं ते मी सांगणार. तुमच्यासमोर. आणि ते मिनिट्समध्ये यायला पाहिजे.”

“येईल.”

“जसंच्या तसं?”

“जसंच्या तसं,” मी म्हटलं. आणि तिथून बाहेर पडताना लक्षात आलं की आपण अशक्य गोष्ट कबूल केली आहे. कारण मिनिट्समध्ये बोललेलं येतच नाही. हे मीच नव्या क्लार्कांना शिकवायचे.

फॉर्म शुक्रवारी अकराला आला. जिलियनने मला केबिनमध्ये बोलावलं.

“तू गेली होतीस.”

“गुडघा दाखवायला.”

“व्हॅस.”

“हो, गेले होते.”

“त्याबद्दल नंतर बोलू. ती तुझ्याविषयी बोलली तर मिनिट्समध्ये ‘डेप्युटेशनचं म्हणणं ऐकून घेतलं’ एवढंच जाईल. ऑफिसरचं नाव नाही. हा नियम तुझ्या भल्याचा आहे.”

नियम खरोखरच माझ्या भल्याचा होता, हीच तर अडचण होती. मी सव्वीस वर्षं ज्याच्या आड बसले तो पडदा. उज्ज्वलाचं वाक्य हवेत विरणार, मी स्वच्छ, आणि नाना म्हणणार, कागदावर दाखवा.

शनिवार-रविवार मी स्टँडिंग ऑर्डर्स वाचल्या. म्हणजे सभेच्या नियमांचं पुस्तक. मला ते पाठ होतं असा माझा समज होता. रविवारी संध्याकाळी मला हवं ते सापडलं, आणि ते इतकं रोजचं होतं की मी जोरात हसले. नवरा पेपर टाकून बघायला आला.

प्रत्येक सभेत आयटम नंबर दोन असतो डिक्लरेशन्स ऑफ इंटरेस्ट. आजच्या विषयाशी आपला खासगी संबंध असेल तर तो आधीच उघड करायचा. ‘माझी बहीण त्या शाळेत शिकवते’ असलं काहीतरी कौन्सिलर सांगतात. तो कौन्सिलरांना लागू आहे तसा हजर ऑफिसरलाही लागू. आणि सगळ्या अजेंड्यात हा एकच आयटम असा, की ज्यात सांगणाऱ्याचं नाव आणि त्याचा संबंध काय हे दोन्ही मिनिट्समध्ये लिहावंच लागतं. कुणालाही, अगदी जिलियनलाही, वगळता येत नाही.

सभा मंगळवारी संध्याकाळी. गॅलरी भरलेली. एका बाजूला नाना आणि क्लबची मंडळी, दुसऱ्या बाजूला उज्ज्वला एकटी. द्वारकाबाई आल्या नव्हत्या. मी मेयरच्या शेजारी, नेहमीच्या जागी.

“आयटम दोन. कुणाला काही डिक्लेअर करायचंय?” मेयरनी विचारलं आणि पान उलटायला घेतलं.

“मला, मेयर,” मी म्हटलं.

सभागृहात क्लार्कने असं बोलणं म्हणजे टेबल बोलल्यासारखं. मेयरनी आधी मागे वळून बघितलं, कोण बोललं म्हणून. जिलियनने डोळे मिटले.

मी कागद वाचला. “मी या लंच क्लबमध्ये पाहुणी म्हणून दोनदा जेवले आहे. मला स्टीलचं ताट मिळालं. दाराजवळच्या टेबलावर कागदी प्लेट्स होत्या, त्या मी बघितल्या आणि काही विचारलं नाही. क्लबच्या सेक्रेटरींशी आमचे घरचे संबंध आहेत. आज बोलणाऱ्या डेप्युटेशनला मी कौन्सिलच्या काउंटरवर, कामाची काही गरज नसताना, आडनाव आणि मूळ गाव विचारलं. तिने आपला समाज सांगितल्यावर मी तिला म्हटलं, तुम्ही तशा वाटत नाही.”

गॅलरीत कुणीतरी “अरे बापरे” म्हणालं. मराठीत.

विरोधी बाकावरून एक कौन्सिलर उठले. त्यांना आपण पिवळा टाय म्हणू, दर सभेला तोच असायचा. आपल्याकडचेच, इथे जन्मलेले, बोलण्यात हुशार. “पॉइंट ऑफ ऑर्डर, मेयर! हे डिक्लरेशन आहे की कन्फेशन?”

हशा पिकला. मेयर माझ्याकडे बघून म्हणाले, “व्हॅस, नियमात बसतं?”

“बसतं, मेयर. स्टँडिंग ऑर्डर काढून ठेवलीय.”

“मग लिही. नेक्स्ट.”

मी लिहिलं. शब्द न् शब्द.

उज्ज्वला उठली. इंग्लिशमध्ये बोलली, पाचातली तीनच मिनिटं. टेबलाचं सांगितलं, प्लेट्सचं, धपाट्यांच्या डब्याचं. शेवटी म्हणाली, “नाना म्हणतात इथे असं काही नाही. मी हे तुम्हाला सांगायला आले, तर तुमच्या दारातच ते मला भेटलं. आणि त्या बाई वाईट नाहीत. वाईट असत्या तर सोपं झालं असतं. हे चांगली माणसं करतात, हसतमुखाने. म्हणून नियमात ‘जात’ असं नाव घेऊन लिहा.”

मी मान खाली घालून लिहीत होते. लिहायला काहीच नव्हतं, तरी लिहीत होते.

पिवळ्या टायने दुरुस्ती सुचवली. ‘जात’ काढा, त्याऐवजी ‘अन्य कोणतीही पार्श्वभूमी’ घाला. “आमच्या मुलांना जात काय हे माहीतही नाही. तुम्ही नियमात लिहाल आणि त्यांना शिकवाल. जे मरतंय त्याला कशाला जगवता? आणि मला सांगा, आजवर एक तरी लेखी तक्रार आली?”

खरं सांगते, पंधरा दिवसांपूर्वी हे मला पटलं असतं. मी टाळ्यासुद्धा वाजवल्या असत्या. मनातल्या मनात, कारण क्लार्क टाळ्या वाजवत नाही.

डेनिस सावकाश उठल्या. “माझे वडील इथल्याच हाय स्ट्रीटवरच्या पबमध्ये गेले होते,” त्या म्हणाल्या. “पब रिकामा. बारमन म्हणाला, सगळ्या जागा रिझर्व्ह्ड आहेत. बारमन फार सभ्य होता. वडील घरी आले. त्यांनीही लेखी तक्रार केली नाही, कौन्सिलर. तसा फॉर्मच नव्हता. तेव्हाही याच सभागृहात लोक सांगायचे की आमच्याकडे रंगभेद नाही, उगाच त्याचं नाव घेऊन तो वाढवू नका. मुलांना माहीत नाही म्हणता? छान. दाराशी बसणाऱ्यांना माहीत आहे. आणि पुरावा हवा असेल तर आयटम दोन बघा. मेयरच्या शेजारीच बसलाय.”

सगळं सभागृह माझ्याकडे बघायला लागलं. आयुष्यात पहिल्यांदा मला पुरावा म्हणून बघत होते. मी ताठ बसले.

डेनिसनी रेकॉर्डेड व्होट मागितलं. म्हणजे हात वर करून नाही, एकेकाचं नाव पुकारून. नावं पुकारायचं काम क्लार्कचं. मी पुकारत गेले. दुरुस्ती तीन मतांनी पडली. मग मूळ ठराव. पिवळ्या टायचं नाव पुकारलं तेव्हा ते म्हणाले, “अ‍ॅब्स्टेन.” म्हणजे तटस्थ. ठराव पास झाला.

कॉरिडॉरमध्ये नाना उभे होते. चेहरा पडलेला.

“वहिनी, तुम्हीसुद्धा? आपलीच माणसं आपल्याला अशी चव्हाट्यावर आणायला लागली तर कसं व्हायचं?”

“नाना, आपली माणसं म्हणजे नक्की कुठल्या टेबलावरची?”

“तुम्ही जेवला होतात तिथे. तेव्हा काही बोलला नाहीत.”

“नाही बोलले. आज बोलले.”

“आता ब्रिजला कसं भेटायचं?”

“पत्ते वाटून,” मी म्हटलं. दोन महिने ते आमच्याकडे आले नाहीत.

पुढच्या सोमवारी जिलियनने मला लेखी वॉर्निंग दिली. क्लिनिकमध्ये गेल्याबद्दल. मी वाचून सही केली.

“हे तुझ्या फाइलला लागेल,” ती म्हणाली. “सव्वीस वर्षांत त्या फाइलमध्ये काहीच नव्हतं. मला ते कधी खरं वाटलं नाही.”

पण भांडण संपलं नव्हतं. मिनिट्स पुढच्या सभेत मंजूर व्हावी लागतात. पिवळा टाय उठले आणि म्हणाले, आयटम दोन फार लांबला आहे, ‘एका ऑफिसरने संबंध जाहीर केला’ एवढंच ठेवा. जिलियनने खालून माझा पाय दाबला. ‘गप्प राहा’ हे मला कळलं, तरी राहवलं नाही.

“मेयर,” मी म्हटलं, “मिनिट्सवर एकच प्रश्न विचारता येतो. अचूक आहेत की नाहीत.”

“मग? अचूक आहेत?”

“दुर्दैवाने, हो.”

मंजूर झाली. अजूनही असतील तिथे, कुणीही मागून वाचू शकतं. माझ्या नावासकट, आडनावासकट. इतकी वर्षं दुसऱ्यांच्या मूर्खपणाला मी ‘सविस्तर चर्चा’ म्हणत आले. नव्या क्लार्कांना मी नंतर एवढंच सांगायचे की काउंटरवर फॉर्ममध्ये जे विचारलंय तेच विचारा, आणि जास्त काही विचारलंत तर लिहून ठेवा. तुमचं नाव घालून.

लंच क्लबमधले काही जण सोडून गेले आणि कुणाच्या तरी घरच्या कॉन्झर्व्हेटरीत, काचेच्या खोलीत, जमायला लागले. नाना राहिले. गुरुवारी दुसरीकडे कुठे जाणार? कपाटातली स्टीलची ताटं मोजून बघितली तर सगळ्यांना पुरून वर उरत होती. टेबलं एका ओळीत लागली. द्वारकाबाई मात्र आल्या नाहीत. एक गुरुवार, दोन, सहा. उज्ज्वला म्हणायची, तिला वाटेल तेव्हा येईल, मी जबरदस्ती करणार नाही.

मग एका गुरुवारी तिचा मेसेज आला, ‘आई निघाली.’ मी अर्धा दिवस रजा टाकली आणि हॉलमध्ये जाऊन बसले. द्वारकाबाई आल्या. ठेंगण्या, काळा कोट, खाली नऊवारी आणि पायात पळायचे बूट. हातात डबा. डबा त्यांनी कुणाला न विचारता मधोमध ठेवला, झाकण काढलं आणि सरळ माझ्याकडे आल्या. मी उठून उभी राहिले. भाषण पाठ करून आणलं होतं. तुमच्या मुलीला मी जे बोलले त्याबद्दल, त्याआधी इथे दोनदा जेवून काही न विचारल्याबद्दल, सगळं सांगितलं. त्यांनी पूर्ण ऐकून घेतलं, कोटाची बटणं सोडत. मग म्हणाल्या:

“झालं सांगून? मग सरका तिकडे. मला खिडकीशी बसायचंय, आज ऊन आलंय.”